काळ्या रंगावरचे हात

फोनवरची मुलगी नवी होती. तिनं ठरलेल्या क्रमानं सगळं वाचून दाखवलं. उद्या दुपारी दोन वाजता, फोन्सेकांच्या प्रार्थनागृहातून दफनभूमीपर्यंत, वाटेत घरावरून. घर बदामाच्या गल्लीत, निळ्या कठड्याचं. बाई, वय अडुसष्ट. नाव एनेइदा रोसारिओ. एरिबेर्तोनं ते स्वयंपाकघरातल्या पाटीवर खडूनं उतरवून घेतलं. फुलांची चक्रं किती, हेही त्यानं विचारलं. मुलगी म्हणाली, दोनच. "गाडी तयार असेल," तो म्हणाला. तेवीस वर्षं तो फोनवर हेच वाक्य बोलत आला होता आणि ते तोंडातून निघायला आता त्याची स्वतःची गरज उरली नव्हती. फोन ठेवला, कॉफी उतू जाऊन गॅस विझला, तरी तो पाटीकडे बघत राहिला. अक्षर नेहमीसारखंच आलं होतं.  बहिणीचं नाव, तिचं वय, ज्या घरात तो स्वतः जन्मला त्या घराचा पत्ता, हे सगळं त्यानं अनोळखी गिऱ्हाइकाचं लिहून घ्यावं तसं लिहून घेतलं होतं. आणि निळा कठडा ऐकल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की त्या गल्लीत वळताना उजव्या हाताच्या बदामाची फांदी टपाला घासते.

अर्ध्या तासानं खुद्द फोन्सेकांचा फोन आला. म्हातारा ओशाळला होता. मुलीला काही माहीत नव्हतं, म्हणाला, आणि गावात ज्याला त्याला वाटत राहिलं की दुसऱ्या कुणीतरी तुला सांगितलं असेल. काल दुपारी शेजारच्या म्हाताऱ्या दोन्या तोमासाला ती ओसरीवरच्या डुलत्या खुर्चीत सापडली, डुलकी लागल्यासारखी. आज संध्याकाळपासून तिला आमच्या इथं अंत्यदर्शनासाठी ठेवतील, तू ये. उद्यासाठी मी पोन्सेहून दुसरी गाडी मागवतो. एरिबेर्तो म्हणाला, नको, मीच नेईन.  फोन्सेकांनी हळूच विचारलं, "मग दारात कोण उभं राहणार, बेर्तो?"

बदामाच्या गल्लीची ही रीत होती. दफनभूमीकडे जाताना शववाहिनी मेलेल्या माणसाच्या दारात थांबवायची. घरची माणसं आधीच पुढं येऊन उभी असतात. ती एकेक करून पुढं होतात आणि गाडीच्या अंगावर हात ठेवतात. कुणी काही बोलत नाही. तो हात ठेवल्याशिवाय माणूस घरातून निघत नाही, गाडीबरोबर नुसतं लाकूड जातं, असं तिथल्या म्हाताऱ्या सांगत. एनेइदाला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. रक्ताचा म्हणावा असा एकच माणूस होता, आणि तो चाकामागं बसलेला असणार होता. फोन्सेकांना तो म्हणाला, बघू त्याचं. मनात मात्र त्याला पुरतं कळत होतं की चाक आपण कशासाठी मागून घेतलं. चाक हातात असलं की माणसाकडून दुसरं काही मागत नाहीत.

गाडी त्याच्या घराच्या पुढच्या छपराखाली उभी होती. लांबलचक, काळी, मागच्या काचांना आतून राखी पडदे. जून महिना होता. समुद्रापलीकडच्या वाळवंटातून दर साली या दिवसांत येते ती धूळ मायाग्वेस गावावर उतरली होती. आकाश दुधट झालेलं, डोंगर पुसलेले, आणि गाडीच्या टपावर पिठासारखा पातळ थर. ही धूळ कधी कोरड्या फडक्यानं पुसायची नाही. पुसली की तिचा कण न् कण रंगावर गोल गोल रेघा मारतो, आणि उन्हात गाडीवर कोळ्याचं जाळं विणल्यासारखं दिसतं. एरिबेर्तोनं मनगटातलं घड्याळ काढलं, पट्ट्याचं बक्कल काढलं. अंगठी काढायचा प्रश्न नव्हता. त्यानं लग्न केलं नव्हतं, आणि केलं असतं तरी अंगठी घातली असती की नाही, शंका होती. दोन बादल्या भरल्या, एक साबणाची आणि एक नुसत्या पाण्याची. लोकरीचा हातमोजा साबणात बुडवायचा, गाडीवरून सरळ रेषेत फिरवायचा, मग साध्या पाण्यात झटकून घाण तळाला सोडायची आणि पुन्हा साबणात. वरून खाली. टप, काचा, नाक, बाजू, आणि सगळ्यात शेवटी चाकांजवळचा भाग. शेजारचा एफ्राइन भिंतीवरून हे बघत असे आणि म्हणत असे, की बेर्तोच्या गाडीतून गेलेली माणसं वर इतकी चकाकत पोचतात की त्यांना तिथं कुणी ओळखतच नाही.

दोन बादल्यांची ही पद्धत आपण कुठं शिकलो, हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. कुणी विचारलंच तर तो म्हणे, या धंद्यात सगळे असंच करतात. आज हातमोजा दुसऱ्या बादलीत झटकताना त्याला एकदम मागच्या अंगणातली दोन जस्ताची घमेली दिसली. आई पहाटे टूना माशाच्या कारखान्यात जायची आणि संध्याकाळी परत यायची ती हातांना न जाणारा वास घेऊन. त्या हातांनी ती मुलांना फारशी शिवत नसे, लाजायची. आंघोळ घालायची ती नेदा; एनेइदाला घरात नेदाच म्हणत. ती नऊ वर्षांची, तो पाच. एका घमेल्यात निळ्या साबणाचं पाणी, दुसऱ्यात साधं. "डोळे मिट, माकडा," म्हणायची, आणि फडकं दर खेपेला साध्या पाण्यात पिळून मगच साबणात घालायची, कारण मळकं पाणी पुन्हा अंगाला लागलं तर धुतलं कशाला. तिची नखं कानामागं लागत. तो ओरडला की ती म्हणे, ओरड, म्हणजे गल्लीला कळेल तुला धुतलं ते. एरिबेर्तो हातमोजा धरून उभा राहिला. साबण कोपरापर्यंत ओघळला. तेवीस वर्षं आपण बहिणीच्या हातानं गाडी धूत होतो, असं काहीसं त्याच्या मनात आलं. लगेच त्याला त्या विचाराची लाज वाटली, कारण तो फार सोयीचा होता. मेलेल्यांबद्दल असे विचार सुचतात ते बहुधा जिवंत माणसाला बरं वाटावं म्हणून.

धुऊन, टिपून झाल्यावर त्यानं उजव्या हाताला दुकानातली पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली आणि तळवा गाडीवरून हलकेच फिरवला. उघड्या हाताला जे लागत नाही ते पिशवीतल्या हाताला लागतं. गुळगुळीत वाटणाऱ्या रंगावर बारीक खडे असतात. खारा वारा, झाडांचा चीक, लोखंडाची धूळ. ते मऊ मातीच्या वडीनं, पाणी मारत मारत उचलून घ्यायचे. त्यानं ते सगळं केलं. संध्याकाळचे पाच वाजले होते. फोन्सेकांच्या इथं आता खुर्च्या मांडल्या असतील, बायका कॉफी आणि चीज वाटत असतील, आणि दाराशी येणारा प्रत्येक जण भाऊ कुठंय म्हणून विचारत असेल. एफ्राइन पांढरा सदरा घालून तिकडेच निघाला होता. भिंतीपाशी थांबून तो म्हणाला, चल, माझ्या गाडीतून सोडतो. एरिबेर्तो म्हणाला, गाडी व्हायचीये अजून. एफ्राइननं गाडीकडं बघितलं. तीत त्याचा स्वतःचा चेहरा, सदऱ्याची बटणं आणि मागची केळ, सगळं स्वच्छ दिसत होतं. नेहमीची थट्टा न करताच तो निघून गेला, आणि ते एरिबेर्तोला चिमट्यापेक्षा जास्त लागलं.

खरं तर गाडी झाली होती. पण उद्या तिच्यातून नेदा जायची होती, आणि अकरा वर्षं ज्या माणसाशी आपण बोललो नाही त्याला द्यायला आपल्यापाशी काय आहे, याचा विचार करताना त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. शब्द सुचत नव्हते, आणि सुचले तरी कुणाला सांगायचे. गाडी मात्र अशी करता येईल की जशी आजवर कुणासाठी केली नाही. बिशपसाठीही नाही. म्हणून त्यानं जुनं मेणसुद्धा काढायचं ठरवलं. फडक्यावर स्पिरिट घेऊन त्यानं एकेक पत्रा पुसायला घेतला. वर्षानुवर्षांचं मेण उतरलं की काळा रंग जरा उघडा पडल्यासारखा दिसतो. उजव्या बाजूला, मागच्या काचेखाली तो पुसत आला. ऊन उतरून छपराखाली तिरपं आलं होतं. त्या उन्हात त्याला ती रेघ दिसली.

वीतभर लांब, वरून खाली, शेवटाला जराशी वळलेली. तो खाली बसला. बोटाचं टोक तिच्यावर आडवं नेलं. अगदी किंचित अडकलं. अकरा वर्षांपूर्वी आईला पोचवून आल्यावर, त्याच संध्याकाळी, याच जागी त्यानं ती काढून टाकली होती. निदान त्याची तशी समजूत होती. आता कळलं की काढली नव्हती. घाईत वरवर घासून त्यानं ती मेणानं भरली होती, आणि मग दर आठवड्याला आणखी मेण, आणखी मेण. तेवढ्या काळात त्या जागेवर शेकडो हात ठेवले गेले होते, नवऱ्यांचे, मुलांचे, आयांचे, आणि खाली ती तशीच होती.

आईच्या वेळी गाडी नवी होती. म्हणजे त्याच्यासाठी नवी. तिचा रंग त्यानं तीन दिवस खपून काचेसारखा केला होता, आणि खरं सांगायचं तर त्या तीन दिवसांत आई गेली हे त्याला फारसं जाणवलं नव्हतं. बदामाच्या गल्लीत त्यानं गाडी थांबवली. तो उतरला, पण दारात जाऊन उभा राहिला नाही. मागचं दार धरून राहिला, चालक राहतो तसा. दारातून नेदा आली. आईच्या बोटातली अंगठी तिनं त्या सकाळीच स्वतःच्या बोटात घातली होती. बारीक, लाल खड्याची. ती तिला सैल होत होती, आणि खडा फिरून आत तळव्याकडे आला होता. तिनं दोन्ही हात काचेखाली टेकले, कपाळ टेकलं, आणि रडत रडत तिचे गुडघे वाकत गेले तसे हातही खाली घसरत आले. खडा पत्र्यावर घासला, तो आवाज त्याला ऐकू आला. तिच्या रडण्यापेक्षा तो आवाज त्याला आधी ऐकू आला, हे त्यानं पुढं स्वतःशी अनेकदा कबूल केलं होतं. तो म्हणाला, "नेदा, अंगठी सांभाळ." मोठ्यानं नव्हे, पण गल्लीत कुणी बोलत नव्हतं. एवढ्यावर भागतं तरी निभावलं असतं. पण त्याचा हात खिशात गेला होता, खिशातून फडकं बाहेर आलं होतं, आणि तिचा हात जिथून नुकताच सरकला होता तिथं ते फिरूही लागलं होतं. नेदानं मान वर केली. आधी फडक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "पूस," ती म्हणाली. "नीट पूस." ती उठली, घरात गेली आणि आतून कडी लावून घेतली. दफनभूमीपर्यंत आईबरोबर तिच्या रक्ताचा तेवढा तो एकटा गेला, चाकामागं.

त्यानंतर त्यानं काही केलंच नाही असं नाही. पहिल्या नाताळला तो केळीच्या पानात उकडलेल्या पास्तेलची टोपली घेऊन गेला होता. टोपली ओसरीवर राहिली आणि दुसऱ्या दिवशी तोमासाकडून परत आली, धुतलेली. दुसऱ्या वर्षी गेला नाही. तिसऱ्या वर्षी, गेल्या वर्षी गेलो नाही तर आता कोणत्या तोंडानं जायचं, म्हणून गेला नाही. पुढं वर्षं आपोआप साचत गेली. गावात ती कधी समोर येई, पावाच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर; दोघंही अशा सफाईनं नजर वळवत की परक्याला वाटावं हे एकमेकांना ओळखतच नाहीत. वादळाच्या वर्षी सबंध किनाऱ्यावर वीज नव्हती तेव्हा तो रोज गाडी घेऊन त्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाई, निळा कठडा जागेवर आहे एवढं बघे आणि मागं फिरे. शववाहिनी रोज येते आणि कुणाला न घेता परत जाते, म्हणून गल्लीतली माणसं धास्तावली होती, हे त्याला फार उशिरा समजलं.

ऊन चाललं होतं. रेघेसमोर उकिडवा बसून त्याला वाटलं, ही राहू द्यावी. नेदाचं म्हणून त्याच्याजवळ दुसरं काय होतं. एक फोटो नव्हता, एक चिठ्ठी नव्हती. मग वाटलं, उद्या ती याच काचेमागं असणार, आणि तिच्या अंगाशी हा ओरखडा असणार. सगळी गल्ली तो बघणार. गल्लीला तो माहीत आहे. अकरा वर्षांपूर्वी तिच्याकडून गाडीला लागलेला ओरखडा तिच्याच शेवटच्या फेरीला तिच्यासमोर मिरवायचा, की तिला म्हणायचं, बघ, काही झालं नव्हतं, काही लागलं नव्हतं, तू हात ठेवला होतास एवढंच. हा दुसरा विचार त्याला मोठा वाटला. क्षमा मागण्याची यापेक्षा चांगली रीत त्याला माहीत नव्हती. तेवीस वर्षांत तो जे शिकला होता ते एवढंच होतं.

पत्र्याच्या कडांना त्यानं कागदी पट्टी लावली. पॉलिशच्या यंत्राला जाड स्पंज बसवला, पेस्टचे चार ठिपके दिले. वरचा पारदर्शक थर केसाएवढाही जाड नसतो. ओरखडा जातो म्हणजे काही भरून येत नाही, आजूबाजूचं सगळं त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं असतं. जरा जास्त झालं की थर फाटतो आणि खालचा राखी रंग डोळा उघडतो, मग त्याला औषध नाही. तो श्वास धरून काम करत होता. हळू, आडवं, उभं, थांबून तळव्यानं पत्रा किती तापला बघायचा, पांढरी साय पुसायची, पुन्हा. तिसऱ्या खेपेला रेघ केसासारखी झाली. चौथ्या खेपेला ती कुठून निघत होती ते शोधावं लागलं. पाचव्या खेपेला त्यानं बॅटरी आडवी धरली, स्पिरिटनं पुसलं, पुन्हा धरली. तिथं फक्त तो होता, पांढऱ्या मिशांचा, बॅटरी धरलेला. थर फाटला नव्हता. मग त्यानं सगळ्या गाडीला बोटांनी मेण लावलं, ते सुकू दिलं, स्वच्छ फडक्यानं उतरवलं. हात धुताना त्याला बरं वाटलं. असं बरं त्याला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं, आणि प्रार्थनागृहात न जाता तो समाधानानं झोपला, हे त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी तो पोचला तेव्हा पेटी बंद झाली होती. फोन्सेकांनी विचारलं, उघडू का क्षणभर. तो म्हणाला, नको, उशीर होईल. दोन फुलचक्रं टपावर चढवली. मागं सात-आठ गाड्या लागल्या. एका गाडीतून तिला आवडणारं जुनं गाणं मोठ्यानं लावलं होतं. तो अगदी हळू चालवत होता. आरशात पडद्याची कड हलत होती. बदामाच्या गल्लीत वळताना फांदी टपाला घासली, फुलांवरून सरकत गेली, आणि त्याला काहीच वाटलं नाही.

निळ्या कठड्याचं घर आलं. दार सताड उघडं होतं, आत अंधार, आणि दारात कुणी नव्हतं. त्यानं गाडी थांबवली. मागचं गाणं बंद झालं. चाकावरचे हात त्याला दिसत होते. ते आपले आपण उठतील असं त्याला वाटत होतं आणि ते उठत नव्हते. तेवढ्यात पलीकडच्या कठड्यापासून दोन्या तोमासा निघाली, काठी टेकत, आणि तिच्यामागं गल्लीतल्या बायका, सहा-सात जणी. घरचं कुणी नाही म्हणून गल्लीच घरची झाली होती. बाजूच्या आरशात त्यानं त्यांना गाडीजवळ येताना पाहिलं. त्यांनी हात पुढं केले. आणि त्याला त्यात काहीतरी विचित्र दिसलं, ते काय ते कळायला वेळ लागला. सगळ्यांची बोटं मोकळी होती. उन्हानं रापलेल्या बोटांवर, अंगठ्या असायच्या तिथं, फिकट वळी होती. तोमासाच्या मनगटातल्या बांगड्याही नव्हत्या. त्या बायका गाडीला बोटांच्या टोकांनी शिवत होत्या, तव्याला शिवावं तशा.

तो उतरला.

"घाबरू नकोस, बेर्तो," तोमासा म्हणाली. "सगळ्यांनी काढून ठेवलंय. तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, माझी गाडी दारावर येईल तेव्हा बोटातलं काढा गं. माझ्या भावाला ओरखडा सोसत नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या तोंडून आवाज आला तो फोनवरचा नव्हता. "कशी म्हणाली? हसून म्हणाली का?"

तोमासानं आठवून बघितलं. ती प्रामाणिक बाई होती, उगीच बरं वाटावं म्हणून बोलणारी नव्हती. "तुरीच्या शेंगा सोलत होतो आम्ही," ती म्हणाली. "तिची मान खाली होती. तोंड नाही दिसलं रे मला."

बायका बाजूला झाल्या. वाट अशी झाली की तिच्या एका टोकाला उघडं दार होतं आणि दुसऱ्या टोकाला गाडी. एरिबेर्तो आधी दारापर्यंत गेला. उंबऱ्याकडं पाठ करून उभा राहिला, घरची माणसं उभी राहतात तसा, आणि तिथून गाडीकडं आला. मागच्या काचेखाली, जिथं ती रेघ काल संध्याकाळपर्यंत होती, तिथं त्यानं दोन्ही तळवे ठेवले. पत्रा उन्हानं तापला होता. त्यानं जोर लावला. नखं लावली. त्याची नखं तेवीस वर्षं मुळापर्यंत कापलेली होती. ती मेणावरून नुसती घसरली. कपाळ टेकावं असं त्याला वाटलं तेव्हा समोरच्या काळ्या रंगातून त्याचंच कपाळ पुढं आलं. तो तसाच टेकून राहिला. किती वेळ, ते मागच्या गाड्यांतल्यांनी पुढं वेगवेगळं सांगितलं. कुणी हॉर्न वाजवला नाही.

"चल बाळा," शेवटी तोमासा म्हणाली. "जाऊ दे आता तिला."

त्यानं हात उचलले. दोन तळव्यांचे, दहा बोटांचे, घामाचे धुरकट ठसे तिथं उमटले होते. खिशात फडकं होतं; हात तिकडे गेला नाही. तो ठशांकडं बघत उभा राहिला. ते कडांकडून आटत आले. आधी बोटं गेली, मग तळव्यांचा मधला भाग, आणि चालकाच्या दारापर्यंत पोचून त्यानं मागं वळून पाहिलं तेव्हा पत्रा काळाभोर, कोरडा, स्वच्छ होता. मेण उत्तम बसलं होतं. त्याच्यावर काही म्हणजे काही टिकत नव्हतं.